रेगिनाच्या नावाचा क्रूस

टूनगॅबी, सिडनी
२४ ऑक्टोबर २०२१, रविवार

प्रिय वेंडी,

तू, केल्विन आणि तुमचं ते नवं मांजर, तिघंही टूवूंबात मजेत असाल. आम्ही बरे आहोत. लॉकडाऊन उठून पंधरवडा होत आला. काल क्लाइव्ह वेंटवर्थव्हिलला जाऊन कोथिंबीर, पापलेट आणि विनाकारण तीन किलो कांदे घेऊन आला. तुमचं क्वीन्सलँड अजून आम्हाला आत घेत नाही, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू मध्येच हसली असतीस आणि मी विषय बदलला असता.

तुझा सगळा बेत वाचला. एक तारखेपासून देशाबाहेर जाता येणार म्हटल्यावर तू लगेच कामाला लागलीस. मार्चमध्ये वॉर्सा, तिथून गाडीने त्रेब्लिंका, नाझींनी लाखो ज्यूंना मारलं ती छावणी. अंगभर साधे कपडे, फोन बंद, सेल्फी नाही. तिथे कुणाचं वेगळं थडगं नाही, माळावर हजारो दगड उभे आहेत आणि काहींवर गावांची नावं आहेत, हेही तू शोधलंस. मिसेस रोझेनच्या गावाचा दगडसुद्धा यादीत सापडला. मी 'शाब्बास' असं लिहून पाठवलं. लिहिताना माझे दात आवळलेले होते.

नर्सिंग होममध्ये चार वर्षं त्यांना आंघोळ मी घातली, नखं मी कापली. तू तिथे कामाला आलीस ती शेवटच्या सात महिन्यांत. तू दारात दिसलीस की त्या म्हणायच्या, "माझी वेंडी आली!" आणि मला म्हणायच्या, "पॉलीन, खिडकी."

मग गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझा घसा खवखवला. टेस्ट केली, रिपोर्ट येईपर्यंत घरी बसले. त्याच आठवड्यात त्या गेल्या, आणि जाण्याआधी तुझा हात धरून म्हणाल्या, माझ्या बहिणीला भेटून ये. रेगिनाला.

परवा तू विचारलंस, "पॉलीन, तू त्यांना जास्त ओळखायचीस. तिथे काय नेऊ गं? ऑल सोल्सला कबरींवर आपण करतो तसंच ना? शेवंती, मेणबत्ती?"

मी म्हटलं, "कर की."

मग तू फोटो पाठवलास. वसईत तुझ्या डॅडींनी बनवलेला सागवानी क्रूस. रेगिनाचं नाव तेवढं कोरायचं राहिलंय. 'दगडाजवळ रोवू आणि तिच्या नावाने मिस्साही अर्पण करू,' असं तू खाली लिहिलं होतंस. मी उत्तरात लाल बदाम टाकला.

वेंडी, तो क्रूस नेऊ नकोस.

ज्यू लोक आपल्या मृतांपाशी फुलं ठेवत नाहीत, लहानसा खडा ठेवतात. हे मला मिसेस रोझेननेच सांगितलं होतं. आणखीही सांगितलं होतं. आठ वर्षांच्या असताना एका शेतकऱ्याने त्यांना भाची म्हणून घरात लपवलं. नाव बदललं, गळ्यात क्रूस घातला, आपल्या प्रार्थना पाठ करून घेतल्या. त्यावर त्या वाचल्या. बारा वर्षांच्या रेगिनाला आईबरोबर मालगाडीत कोंबून त्रेब्लिंकाला नेलं. एकदा मी केस विंचरत असताना माझ्या गळ्यातल्या साखळीला बोट लावून म्हणाल्या, "याच्यावर माझा राग नाही, पॉलीन. पण तीन वर्षं मी दुसऱ्याच मुलीची होऊन जगले. रेगिना निदान स्वतःची म्हणून मेली. तेवढं तिचं तिच्याकडे राहू दे."

हे ठाऊक असून मी बदाम टाकला. तू तिथे जाऊन चुकावंस असं मला वाटत होतं. म्हातारीने चुकीच्या मुलीला सांगितलं, हे कुणीतरी बघावं असं वाटत होतं.

क्लाइव्हला सांगितलं तर म्हणाला, "मेलेल्या बाईच्या लाडावरून भांडताय? शाळेत आहात काय?" त्यालाही मी सगळं सांगितलं नाही.

सगळं म्हणजे हे. त्यांनी आधी मलाच विचारलं होतं. सीमा बंद झाल्या त्याच आठवड्यात. "पॉलीन, हे संपलं की कधी तू जाशील?" मी उशीचा अभ्रा बदलत होते. म्हटलं, "बघू हं, आधी सूप घ्या." मला त्या जागेची भीती वाटली. त्यांनी सूप घेतलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

तू मात्र ते ठिकाण नकाशात कुठे आहे हेही माहीत नसताना 'हो' म्हणालीस. तुझ्या त्या 'हो'वर मी वर्षभर जळतेय.

तेव्हा एक साधा खडा ने. गावाच्या दगडावर ठेव. रेगिनाचं नाव घे आणि थोडा वेळ नुसती उभी राहा. डॅडींना मीच फोन करते. एवढी मेहनत वाया गेली म्हणून ते चिडतील, ते माझ्यावर चिडू देत.

बरोबर चल म्हणालीस तेव्हा मी रजा नाही असं सांगितलं. रजा भरपूर आहे. पण आले तर मी रेगिनासाठी उभी राहणार नाही, तुझ्याकडे बघत राहीन. असं मन घेऊन त्या माळावर जाऊ नये.

परत आलीस की, राग असला तरी, एकदा फोन कर. काय पाहिलंस ते नको सांगूस. फक्त 'जाऊन आले' एवढं म्हण. ते ऐकून मला आनंद व्हावा, यासाठी माझ्याकडे मार्चपर्यंतचा वेळ आहे.

अजून म्हणू देशील तर, तुझीच,
पॉलीन