ओट्टोचा डावा डोळा

सोमवार, २ मार्च २००९
नित्श्केबाईंच्या कापडी बदकाचे चित्र पूर्ण. बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, चोच जरा सरळ केली असती तर?"
"बाई, ती वाकडी आहे."
जे आहे तेच रंगवायचे, हा माझा नियम. निवृत्तीनंतर अकरा वर्षांत लोकांची चौतीस जुनी खेळणी रंगवली. एकही मध्येच उठून गेले नाही. माझ्या प्रवचनांविषयी असे म्हणता येणार नाही.

मंगळवार, ३ मार्च
इर्मगार्डचा फोन. माझी थोरली बहीण, वय एकोणऐंशी. पुढच्या शुक्रवारी वृद्धाश्रमात जाते आहे. तिथे जुनी केसाळ खेळणी नेता येत नाहीत — कसरीची भीती! चित्र चालते.
"गेर्डी, माझा ओट्टो रंगवून दे. खेळणं तुझ्याकडेच राहू दे. आणि हे बघ, दोन्ही डोळे रंगव हं."
ओट्टो म्हणजे कांगारूच्या कातडीचा कोआला. त्याला १९३८ पासून डावा डोळा नाही.
बघतो, म्हणालो.

शुक्रवार, ६ मार्च
इर्मगार्डने पाठवलेला ओट्टो टेबलावर बसला आहे. दक्षिणेच्या खिडकीतला स्थिर उजेड; आमच्या गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. उजवीकडे बुटाचे काळे बटण; डावीकडे दोन तुटके टाके. तो माझ्याकडेच पाहतो. माझी बायको हुल्डा चहा घेऊन आली.
"सकाळपासून नुसतं पोट रंगवतोयस. काय बिनसलंय?"
"केस फार बारीक आहेत."
"कुठले केस? झडलेत की सगळे. तुझ्यासारखेच."

शनिवार, ७ मार्च
इथे लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. तो डोळा मी उपटला.
माझे वय वर्षे सहा. इर्मगार्डच्या वाढदिवसाला तिला कोआला मिळाला, मला मोजे. डोळा कांद्याच्या वाफ्यात पुरला. वडिलांनी विचारले, कोणी केले? मी आमच्या कुत्र्याकडे, रोल्फकडे बोट दाखवले. त्याच रविवारी रोल्फची रवानगी मामाच्या खाणीवर झाली. प्राचीन काळी लोकांची पापे बोकडाच्या मस्तकावर ठेवून त्याला रानात हाकलत. आमच्या घरी ती सेवा कुत्र्याने बजावली.
खोटी साक्ष देऊ नये, या आठव्या आज्ञेवर मी चाळीस वर्षे बोललो. उत्तम बोलतो, असे लोक म्हणत.
आता दुसरा डोळा रंगवला तर तीच खोटी साक्ष पुन्हा — या खेपेस तैलरंगांत. न रंगवला तर बहिणीची शेवटची मागणी मोडतो, आणि का मोडतो ते सांगतही नाही!

रविवार, ८ मार्च
चर्चमध्ये पापांगीकार, म्हणजे पापे कबूल करण्याची प्रार्थना, सर्वांबरोबर मोठ्याने म्हटला. सर्वांबरोबर म्हणणे सोपे असते.

मंगळवार, १० मार्च
हुल्डाला सांगितले. बटाटे सोलता सोलता थांबली.
"कुत्र्यावर ढकललंस? आणि मी इतकी वर्षं तुझ्या तोंडून क्षमेची वचनं ऐकतेय!"
उरलेले बटाटे सोलून संपवले. मग सुरी पुसून ठेवली. "उद्या जाऊ. गाडी मी चालवते. तू वाटेतून परत फिरशील."

बुधवार, ११ मार्च
इर्मगार्ड कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी उभ्यानेच सांगितले. डोळा, वाफा, रोल्फ, सर्व. तिचे हात थांबले नाहीत.
"झालं सांगून?"
"झालं."
तिने शिवणाचा डबा उघडला. तळाशी लहान मुलाचा रुमाल. कोपऱ्यावर आईच्या हातची माझी आद्याक्षरे. आत बुटाचे काळे बटण.
"पुढच्या वर्षी कांदे लावताना सापडला," ती म्हणाली. "कुत्रं पुरतं, गेर्डी. पण रुमालात गुंडाळून नाही पुरत."
"आणि रोल्फ?"
"मामाकडे खाऊन खाऊन लठ्ठ झाला. त्याची काळजी नव्हती मला. तुझी होती."
"मग इतकी वर्षं डोळा शिवला का नाहीस?"
"तू सांगायला येशील म्हणून थांबले होते." तिने पुढची बशी उचलली. "फारच सावकाश आलास."

गुरुवार, १२ मार्च
हुल्डाने काळ्या दोऱ्याने डोळा शिवला. चित्र पूर्ण केले. उद्या ओलेच न्यावे लागेल.
ओट्टोला दोन डोळे आहेत. जे आहे तेच रंगवले.