लेकाविरुद्धची साक्ष

सिंगापूर, ९ मार्च १९८६

तीर्थरूप मायला लिंगराजचा शरणार्थ.

मी खुशाल हाय. हे पत्र तुला वाचून दाखवताना गौरा घाबरली तरी तू घाबरू नको. तुझा गुडघा कसा हाय? दवाखान्याला परभणीला एकटी जाऊ नको.

गेल्या महिन्यात पुण्याचे एक साहेब आईला घेऊन इथं फिरायला आले. त्यांच्या गाडीवर मी ड्रायवर होतो. साहेब लय प्याले, माझ्याकडून चावी हिसकून स्वतःच गाडी चालवायला बसले आन् एका सायकलवाल्याचा पाय मोडला. पोलीस यायलेत बघून मला म्हणाले, "तू चालवत होतास असं सांग, नाहीतर नोकरी घालवीन."

पण त्यांच्या आईनं मला हाताला धरून मागं सारलं आन् पोलिसाला बोटानं आपला लेक दाखवला.

इथला कायदा पाहुणा बघत न्हाई. साहेबांचा पासपोर्ट काढून घेतला, कोर्टानं त्यांना तुरुंगात धाडलं. आई एकट्याच थांबल्यात. भेटीच्या दिवशी मीच त्यांना नेतो.

काल मी म्हणलं, "माझ्यापायी तुमाला लय सोसावं लागलं."

त्या म्हणाल्या, "माझा मुलगा शिक्षा भोगून घरी येईल. तू आत गेला असतास, तर तुझ्या आईला मी काय सांगितलं असतं?"

माय, तवापासून तुझी लय याद यायलीय.

तुझ्या पाया पडणारा,
लिंगराज