घेराचा प्रवेग

सोम. १२ जाने.
परत तेच. मेघा मॅडम असं म्हणाल्या, मेघा मॅडम तसं म्हणाल्या. जेवतानासुद्धा! तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, सनाने बोट लावलं नाही. "मॅडमकडे पास्ता खाल्ला." बाईला फिजिक्स शिकवायला ठेवलीय की खाऊ घालायला? ती नवव्या मजल्यावर, आम्ही चौथ्यावर. लिफ्टने एक मिनिट. पोरीला खाली यायला तीन तास लागतात. तिची मुलगी कॅनडाला गेली, म्हणून माझी घ्यायची काय?

आणि वर हे नवीन. २३ला आम्ही इथलं अल नहदा सोडून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला राहायला जाणार, सनाच्या अब्बांचं गॅरेज तिकडे. तर ही म्हणते, अकरावीची परीक्षा होईपर्यंत मॅडमकडेच राहते. "मम्मी, शी हॅज अ स्पेअर रूम." स्पेअर रूम! मी भांडी आपटली.

गुरु. १५
माझ्या शिलाईच्या दुकानातून आले तर सना गणितापुढे रडकुंडीला. फिरती थाळी. एक नाणं मध्यापासून १० सेंटीमीटरवर, दुसरं ३० वर. सेकंदाला एक फेरी. प्रवेग कुणाचा जास्त? तिचं उत्तर, आतल्याचा. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, त्रिज्या मोठी तर उत्तर लहान. पण दोघांचा वेग तिने एकच धरलेला.

म्हटलं, "अंब्रेला फ्रॉक घालून गिरकी घे. कंबर आणि खालचा घेर एकदमच फिरून येतात ना? मग लांब कोण पळालं?"

"मम्मी, यू वोंट गेट इट."

"सातवी शिकलेय गं, पण असले तीनशे फ्रॉक शिवलेत. घेराला लांबचा फेरा पडतो. वेग एक कसा?"

तिने पेन उचललं. मग खोडलं. वेग वेगळे घेऊन केलं. आतल्याचा चार, बाहेरच्याचा बारा, जवळजवळ. तिप्पट.

मला थँक्यू नाही. फोन उचलला, "मॅडम, आय गॉट इट!"

शनि. १७
प्रोजेक्टला माझाच फ्रॉक घेतलाय, घेराचा प्रवेग काढायला. त्रिज्या विचारली, मी २४ इंच सांगितलं. आमच्या धंद्यात लांबी कंबरेपासूनच घेतात. वर गेली, तासात खाली. मॅडमनी २४ वर काट मारलेली. कंबरेपासून नाही, मध्यापासून धरायचं. कंबरेचे साडेचार मिळवून साडेअठ्ठावीस.

ते साडेचार मला माहीत नाहीत? कापडाची चौघडी घालून, अठ्ठावीसच्या कंबरेचा सहावा भाग जरा कमी करून, कोपऱ्यापासून मीच तर कापते! सांगायच्या वेळी सुचलं नाही. आणि सुचलं कुणाला, तर जी बटण लावायला माझ्याकडे येते तिला.

रवि. १८
मॅडम स्वतः खाली आल्या. "शबानाताई, घेराचं तुम्ही काय छान सांगितलंत! मी आता सगळ्या मुलांना तसंच शिकवणार." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. पण सना तिला चिकटून बसलेली आणि हसली तीसुद्धा तिच्याकडेच बघून.

मग मॅडम म्हणाल्या, "राहू दे हो दोन महिने. रोजची ने-आण कशी जमायची?"

"प्लीज मम्मी."

सनाचे अब्बा टीव्हीतून डोकं न काढता, "राहू दे ना." यांना काय जातंय.

मॅडमच्या चहात साखर घातली नाही. विसरले म्हणून नव्हे. प्यायली बिचारी.

सोम. १९
सकाळी सनाला दारातच धरली. म्हटलं, "दुकान इथेच आहे, मी रोज येणार. माझ्याबरोबर ये, माझ्याबरोबर चल. पाचला उठावं लागेल. मॅडमकडे शीक हवं तेवढं, झोपायला घरी."

"मम्मी, दॅट्स टू अवर्स इन द कार. एव्हरी डे."

"हो. माझ्याशेजारी बसून."

"लेट मी थिंक."

विचार! आईकडे यायला पोरगी विचार करणार!

"कर. गुरुवारपर्यंत. शुक्रवारी सामानाची गाडी येतेय. तुझा पलंग गाडीत चढवायचा की नवव्या मजल्यावर, ते गुरुवारी जेवायला बसायच्या आधी मला सांगायचं. आणि वर जाऊन विचारून यायचं नाही. तुझं तू सांगायचं."