ऐकलं तेच लिहायचं

३ मार्च
धाकट्याला तिसऱ्यांदा नापास केलं. मोर्सच्या पेपरात वीस चुका, माफ असतात पाच. सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं! बावीस वर्षं रेडिओ क्लबचा परीक्षक आहे मी. घरच्याला सूट दिली तर उद्या कुठल्या तोंडाने इतरांना नापास करू?

छापखान्यात पाठ मोडल्यापासून तो खुर्चीला खिळलाय. रेडिओवरून तरी चार माणसांशी बोलावं, एवढी एकच इच्छा उरलीय. त्याला परवाना हवा, परवान्याला मोर्स हवं, आणि परीक्षेत मोर्सची टिंबं-रेघा वाजवणारा मी.

पेपर बघून म्हणाला, "दादा, तूच शिकवलंस ना? ऐकलं तेच लिहायचं, अंदाज मारायचा नाही." शिकवलं खरं, पण ऐकायला कान हवेत ना!

९ मार्च
क्लबात खडाजंगी. मोर्सची अट ठेवायची की काढायची, हे आता म्हणे ज्या त्या क्लबाने ठरवायचं. क्लबातला दातांचा डॉक्टर म्हणतो, अट काढा. जहाजांनीसुद्धा मोर्स सोडलं, मग आपण कशाला उगाळत बसायचं? मी म्हटलं, फुकटचं टिकत नाही. तर सगळ्यांसमोर विचारतो, "तुमच्या भावाकडे तेवढा वेळ आहे का?"

घरचं मध्ये आणायचं काय काम होतं! धाकट्याच्या छातीत पाणी भरलंय, हे मला काय माहीत नाही? पुढच्या रविवारी मतदान.

१२ मार्च
धाकट्याकडे जायचं टाळलं. मतदान झालं की जाईन.

१६ मार्च
अट राहिली. अकरा विरुद्ध दहा. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१९ मार्च
धाकटा गेला.

मी शेवटपर्यंत फिरकलो नाही. भावजय म्हणाली, कानाला हेडफोन तसाच होता. ऐकायला परवाना लागत नाही.

२ एप्रिल
डॉक्टरने क्लबात कॉम्प्युटर आणला. मोर्स ऐकून पडद्यावर टिंबं-रेघा आणि अक्षरं दाखवतो. म्हटलं, बघू तरी हा दीडशहाणा! मोर्स वाजवायच्या कळीवर बसलो. चार टिंबं वाजवली, पडद्यावर पाच. पुन्हा वाजवली, पुन्हा पाच. यंत्राच्या नावाने खडे फोडले. मग डॉक्टर बसला. त्याची चारची चारच उमटली.

तो माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मला मात्र चारच ऐकू येत होती! जे वाजवायचं मनात होतं तेच मी ऐकत होतो.

३ एप्रिल
कपाटातून दोन वर्षांचे पेपर काढले. नऊ जण नापास. नऊही जणांनी जागोजाग एक टिंब जास्तीचं धरलेलं. एवढी माणसं एकाच जागी अडखळतात आणि मला शंका येऊ नये! उलट आळशी म्हणून हिणवलं त्यांना. जे पास झाले त्यांनी अंदाज मारला होता.

धाकट्याचे तिन्ही पेपर बिनचूक आहेत.

५ एप्रिल
भावजयीने त्याची सरावाची वही आणून दिली. ३ मार्चच्या पानावर, त्याच्याच अक्षरात — "दादाचा हात कापतो. सांगितलं तर परीक्षा घेणं सुटेल. त्याच्याजवळ तेवढंच आहे. राहू दे."