भरतकामाचं यंत्र मुलीला न देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, भरतकामाच्या दुकानाचा मालक, वय त्र्याहत्तर, हे पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवतो. गुडघे कुरकुरतात, डोकं जाग्यावर आहे.

१. राहते घर पत्नीच्या नावे करावे. खिडकी उघडी ठेवायची की बंद, हा आमचा वाद तिने जिंकला असे समजावे.

२. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. मुलगा "मला काही नको" म्हणतो. घे रे, ताठा पुरे.

३. कात्र्या आणि चांगली खुर्ची शेजारच्या घड्याळवाल्याला. माझ्या संगणकाला तो डबा म्हणतो. बरोबरच म्हणतो, पण मला ते पटलंय हे त्याला मी गेल्यावरच कळावं.

४. भरतकामाचे यंत्र व त्याचा संगणक मुलीला देऊ नये. ते यंत्र संगणकातल्या जुन्या सिस्टीमशिवाय चालत नाही, आणि गेल्या महिन्यात पडद्यावर सूचना आली की त्या सिस्टीमला कंपनीचा सपोर्ट संपला.

मुलगी म्हणाली, "बाबा, कंपनीने हात वर केले. तुम्ही कधी करताय?"

"तू आहेस ना, मग कसला घोर?"

ती टेबलाखाली वाकून वायर खोचत राहिली. संगणक अडला की तिलाच जमतं. परगावच्या नोकरीचं बोलावणं तिला दोनदा आलं. दोन्ही वेळा मी "जा की, दुकानाला कुलूप लावू" म्हटलं आणि तोंड एवढंसं केलं. ती राहिली. तिची आई एकदाच बोलली, "त्या डब्याला ठिगळं लावण्यात पोरीचे दिवस चाललेत." तेव्हापासून घास गोड लागत नाही.

बाळ, तुला डावललं असं वाटेल. तुझ्या गळ्यात मी बांधलेलं लोढणं काढून घेतोय, एवढंच.

५. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

"म्हणजे पोरीने माझ्या मरणाची वाट बघायची?"

म्हणून कलम चार मी हयातीतच अमलात आणतो. भंगारवाला सोमवारी येतोय. तिसरं बोलावणं आलंय, हे तिच्या आईकडून कळलं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचंय. पोरी, या वेळी तोंड पाडणार नाही असं वचन मला देववत नाही. तू माझ्या तोंडाकडे बघू नकोस. हो म्हणून टाक.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: दुकानमालक

साक्षीदार: १. समोरचे औषधवाले  २. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १२ नोव्हेंबर, बुधवार