नवसाच्या एडक्याची भादरणी

ती. जीवराममामांस,

भाचा प्रेमराज याचा अमळनेराकडून पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आपला गुडघा, मामींचा दमा आणि व्यायलेली म्हैस, तिघं कशी आहेत ते कळवावं. (फोनच केला असता, पण तो मामी उचलतात आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या पहूरला कळतं.) मी ठणठणीत. कॉलेज अर्ध्यावर सोडल्यामुळे माझं वाटोळं झालं असं आई म्हणते. तिला काय कळतंय.

सध्या लोकर कातरणीचे दिवस. एकमेकांच्या खळ्यात फुकट राबायचं आणि दुपारी पोटभर जेवायचं, ही आमची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तोताराम आबांकडे मी न बोलावता गेलो. (त्यांची मुलगी दिपमाला. तिच्याबद्दल दिवाळीत तुमच्यापाशी बोललो होतो, तीच.) आबा शेतात गेलेले. दिपमाला एकेक मेंढरू पुढ्यात आणून देई आणि मी मान वर न करता भादरी. (मान वर केलीच, तर मेंढरासाठी नव्हे.) पस्तीस मेंढरं संपवली, शेवटी एक दांडगा काळा एडका आला, त्यालाही गुळगुळीत केला. तेवढ्यात आबा आले आणि जागीच थांबले.

"कोनी कातरं रे याले?"

मी छाती काढून म्हणालो, मी. मग कळलं, तो एडका नवसाचा. दिपमालाला नोकरीवाला नवरा मिळेपर्यंत त्याला कातर लावायची नाही, असं आबांनी तीन वर्षांपूर्वी खंडेरावाला बोललेलं. आता माझाही स्वभाव तुम्ही जाणताच. मी म्हणालो, तीन वर्षांत देवाला एक कारकून सापडला नाही, त्यात माझ्या कातरीचा काय दोष? आबांनी मला न जेवताच हाकललं आणि बजावलं की तसाच लोकरभरला एडका आणून बांध, मगच तोंड दाखव. असो. काळजी नसावी, सगळं माझ्या हातात आहे.

आपला,
प्रेमराज

ता. क. तुमच्याकडचा न कातरलेला काळा एडका रविवारच्या आत पिकअपमध्ये घालून पाठवावा.

ता. क. दुसरा. पत्र पाकिटात घालत होतो, तर दिपमाला कुंपणाशी आली. एडका मागच्या गोठ्यात वेगळा बांधलेला असतो म्हणे. मी विचारलं, मग माझ्यापुढे आला कसा? तर म्हणाली, "मीच सोडा व्हता. आते दुसरा लयना ते तुन्हासंगे बोलाव नही."

दुसरा आणला तर माझ्याशी बोलणारच नाही म्हणे! तेव्हा एडका राहू द्या. फेटा बांधून तुम्हीच या, मागणी घालायला. आबा नोकरीचं विचारतील. तेवढं तुम्ही बघा.