समुद्राला फाटक

मंगळवार, १२ मार्च
परत तेच! बोट लागली, बस पाहुण्यांनी भरली, मी माईक घेतला आणि हसले. "वानुआतूत स्वागत! बेटं ऐंशीच्या वर, भाषा शंभराच्या वर. एके काळी आमच्यावर इंग्रज आणि फ्रेंच दोघं एकदम राज्य करायचे—पोलीस दोन, तुरुंगही दोन!" इथे सगळे हसतात. मग शेवटचं—"आमची जमीन परक्याला विकता येत नाही. घटनेतच तसं आहे." टाळ्या!

तेवढ्यात बस तारेच्या कुंपणापाशी येते. मागे आमचा किनारा. विकला नाही हो! भाडेकरारानं दिलाय, पंच्याहत्तर वर्षांसाठी. तोवर आई कुठे आणि मी कुठे.

गुरुवार, १४ मार्च
आमच्यात जमीन आईकडून येते, पण गावाचा मुखिया मामा. करारावर सही करताना त्यानं सख्ख्या बहिणीला विचारलंसुद्धा नाही! आज गाठलंच त्याला. कावाच्या मुळीचा गुंगीचा रस पिऊन बसला होता. म्हटलं, "मामा, आई खेकडे कुठे धरणार आता?"
"बाजारात मिळतात की." वर म्हणे, "तुझ्या भावाला, कल्मेतला, तिथं पहारेकरी म्हणून लावून दिलं, ते नाही दिसत?"
दिसतं ना! माझा भाऊ आमच्याच समुद्राचं फाटक राखतो.

शनिवार, १६ मार्च
कल्मेतची पाठ वळली की आई तारेखालून सरपटत खेकड्यांना जाते. झगा फाटलाय.

मंगळवार, १९ मार्च
बस कुंपणापाशी थांबली होती. किनारा घेतलेल्या साहेबाची गाडीही उभी. आई टोपली घेऊन सरळ फाटकावरच गेली. कल्मेत ओरडला—अख्ख्या बसला ऐकू गेलं—"मागं फिर गं! साहेब बघतायत!"
"याच वाळूत चालायला शिकलास रे," आई म्हणाली.
त्यानं मान खाली घातली. फाटकावरचा हात काही काढला नाही.
पुढच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "कोण आहेत त्या?" माईक चालूच होता. "माझी आई," म्हटलं. "अडवतोय तो माझा भाऊ. आणि मघाशी सांगितलं ना, जमीन विकता येत नाही? ती अशी 'विकत नाहीत'."
एकानं फोटो काढला.

बुधवार, २० मार्च
नोकरी गेली. मॅनेजर म्हणाला, "लेइसावी, लोक सुट्टीवर येतात. तुझं रडगाणं ऐकायला नाही." आपल्यातलाच तो, टोंगोआ बेटावरचा. परक्यानं काढलं असतं तर इतकं लागलं नसतं.

रविवार, २४ मार्च
आईनं चुलाणात किसलेल्या कंदांचं लापलाप भाजलं आणि पहिली ताटली मामाकडे! मी भांडले.
"भाऊ आहे माझा," ती म्हणाली. "आणि फाटकावरचा तो तुझा कोण?"
जेवलेच नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल
कल्मेत न्यूझीलंडला चाललाय, फळं तोडायला. निघताना दारात घुटमळला. "तिथं निदान ओळखीच्या कुणाला अडवावं लागणार नाही." त्याची पिशवी आईनं भरली. मी उचलून रस्त्यापर्यंत नेऊन दिली, एवढंच.

सोमवार, ८ एप्रिल
पहारेकऱ्याची जागा मी मागून घेतली. मामा खूश—"आली का अक्कल!" साहेबांना वाकून नमस्कारही घातला. फाटकाची चावी मिळाली. साहेब शहराकडे गेल्यावर आईला म्हटलं, "चल."